बुडालेल्या मोटरची बेअरिंग: धुऊन परत घालू की नवीच घेऊ?

संगमावरचा (देवबाग, मालवण), ७ जुलै

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे ४० एचपीची टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची जपानी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ‘ती कशाला घेतलीत, ही घ्यायची होती’ यावरच पन्नास उत्तरं येतात. मेच्या शेवटी एका रात्री वारा सुटला आणि नांगरावरची होडी पालथी झाली. मोटर सकाळपर्यंत, म्हणजे सहा-सात तास, खाऱ्या पाण्यात डोकं खाली करून. ओढून आणली, बाहेरून गोड्या पाण्याने धुतली, प्लग काढून दोरी ओढली, पाणी उडालं ते उडालं, वरून पावशेर डिझेल ओतलं आणि मांगरात घोड्यावर उभी करून ठेवली. घरात चुलतबहिणीचं लग्न. मोटरीकडे बघणार कोण?

आठ दिवसांनी दोरी मारली तर तिसऱ्या ओढीला सुरू. आम्ही खूश. पण आवाज वेगळा. करवंटीत वाळू घालून घोळवल्यासारखा, आणि रेस वाढवली की त्याच्या वर एक बारीक किर्र. पाच मिनिटांत बंद केली. आता वरचं डोकं उतरवून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बाहेर काढलाय. परिस्थिती अशी:

वरचं मेन बेअरिंग हाताने फिरवलं तर लोण्यासारखं फिरतं. खालचं करकरतं, दोन ठिकाणी अडकून पुढे जातं. मधलं दोन सिलिंडरच्या मध्ये आहे, त्याच्यापर्यंत हात जात नाही. कनेक्टिंग रॉड वरखाली हलवून बघितले, ठोका लागत नाही. खालच्या गिअरबॉक्सचं तेल काढलं, ते मधासारखं स्वच्छ निघालं.

बेअरिंगवर ६३०६ असा आकडा आहे. बाजारात ते पाचसहाशेला मिळतं, कंपनीचा पार्ट त्याच्या चौपट सांगतात आणि वर ‘मागवावा लागेल’. आमचा मिस्त्री म्हणतो, खालचं तेवढं नवं घालू, वरचं धुऊन परत, मधलं कधी जात नाही. बाबा तर त्याच्याही पुढे: “बेरिंग फिरता मां? मगे बदलूक कित्याक व्हया?”

३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी उठते. त्याआधी मोटर होडीला लागायला हवी. तर जुनी कुठली ठेवू, नवी कुठली घेऊ, आणि घेतली तर कंपनीची की बाजारातली?

हर्णै_बंदर, ७ जुलै

पस्तीस वर्षं मशीनं खोलतोय. माझं मत स्पष्ट: मूळचं जपानी बेअरिंग फेकू नकोस. एका ८ एचपीला मी हौसेने नवंकोरं बेअरिंग घातलं होतं, चकचकीत खोक्यातलं. वीस दिवसांत पिंजरा फुटला, गोळ्या एका बाजूला गोळा झाल्या आणि क्रँककेसला, म्हणजे क्रँकच्या पेटीला, आतून ओरखडे. त्या माणसाचं हंगामाच्या तोंडावर मशीन बंद. तेव्हापासून मी मूळचं बेअरिंग रॉकेलने धुतो, रात्रभर टू-स्ट्रोक ऑइलमध्ये ठेवतो आणि सकाळी फिरवून बघतो. साफ फिरलं तर परत घालतो. दहातली सात अजून चालू आहेत.

खालचं करकरतंय तेवढं बदल. बाकी मिस्त्री सांगतोय ते बरोबर.

उद्यमनगरी_लेथ (कोल्हापूर), ८ जुलै

हर्णैचे काका, तुमच्या अनुभवाला हात जोडून, पण त्या वीस दिवसांच्या गोष्टीत बेअरिंग नवं होतं म्हणून मेलं नाही, खोटं होतं म्हणून मेलं. नवं-जुनं आणि खरं-खोटं ही दोन वेगळी भांडणं आहेत. आणि दहातली तीन गेली, त्या तिघांना विचारून बघा.

आता भावा संगमावरच्या, तुझं बघू. आमच्या दुकानात मोटरसायकलींचे क्रँक जास्त येतात, पण वर्षाला दहा-पंधरा आउटबोर्डचेही. पावसाळ्यातच येतात सगळे. तू लिहिलेल्या एका वाक्यावर माझं लक्ष अडकलं: ‘घोड्यावर उभी करून ठेवली’.

टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडरची क्रँककेसची खोली वेगळी बंद असते, तशी नसली तर मिश्रण वर ढकललंच जाणार नाही. आउटबोर्डमध्ये क्रँक उभा. म्हणजे तुझ्या मोटरीत एकावर एक दोन खोल्या आहेत. उलटी असताना पाणी सगळीकडे शिरलं. नंतर तू ती सरळ उभी केलीस. दोरी ओढून प्लगमधून उडालं ते वरवरचं. उरलेलं दोन्ही खोल्यांच्या तळाशी बसलं. खालच्या खोलीचा तळ म्हणजे खालचं मेन बेअरिंग. आणि वरच्या खोलीचा तळ म्हणजे?

मधलं बेअरिंग. जे ‘कधी जात नाही’.

वरचं लोण्यासारखं फिरतंय ते याच कारणाने, त्याच्यावर पाणी उभंच राहिलं नाही. खालचं तुझ्या हातात आलं म्हणून कळलं. मधल्याची गत खालच्यासारखीच असणार, नाही निघाली तर माझा चहा तुझ्याकडे लागू. बेअरिंगचं लोखंड, आमच्याकडे एन-३१ म्हणतात, क्रोम असलेलं असलं तरी स्टेनलेस नव्हे. खाऱ्या पाण्यात आठ दिवस म्हणजे फार झालं. डिझेल पाण्यावर तरंगतं, त्याने पाण्याखालचं काही वाचत नाही.

(पुढच्या वेळेसाठी, देव करो आणि पुढची वेळ न येवो: मोटर खाऱ्या पाण्यातून काढली आणि लगेच खोलायला वेळ नसेल, तर ती गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेव. ऐकायला वेड्यासारखं वाटतं. पण मीठ आणि हवा एकत्र आली की गंज धावतो. पाण्याखाली हवा कमी आणि मीठही सुटून जातं. बाहेर काढलीस की त्याच दिवशी धुऊन, तेल मारून, सुरू करून कोरडी करायची.)

आता जुनं ठेवायचं कधी? माझा रिवाज सांगतो. बेअरिंग न काढता तपासता येत असेल आणि साफ असेल तर राहू दे. काढावं लागलं तर नवं. कारण सोपं आहे. क्रँकवर आतलं कडं घट्ट बसलेलं असतं. बेअरिंग ओढून काढायच्या पुलरचे पाय बहुतेक वेळा बाहेरच्या कड्यालाच लागतात. म्हणजे सगळा जोर गोळ्यांमधून आतल्या कड्यावर जातो आणि प्रत्येक गोळी आपल्या जागी बारीक खड्डा पाडते. डोळ्याला दिसत नाही. हाताला सुद्धा कधी लागत नाही. ५००० आरपीएमला मात्र ऐकू येतं. बरीच जुनी बेअरिंग चालताना मरत नाहीत, काढताना मरतात.

तपासायचं कसं: आधी स्वच्छ रॉकेलमध्ये धू, वाळव. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नकोस, पोरं मजा म्हणून करतात आणि कोरड्या गोळ्या कड्याला घासतात. मग एका हाताने बाहेरचं कडं धर, बाजूने हलका दाब दे आणि अगदी हळू, घड्याळाला चावी देतो तसं फिरव. मग उलट बाजूने दाब देऊन तसंच. जोरात फिरवलेलं खराब बेअरिंगही गुळगुळीत वाटतं, हळू फिरवलं की खोटं बोलत नाही. निळसर किंवा गव्हाळ रंग चढलेला असेल तर ते तापलेलं आहे, टाकून दे. गोळ्यांच्या अंतरावर तपकिरी रेघा दिसल्या तर तिथं पाणी उभं होतं.

तुझा क्रँक तुकड्यांचा, प्रेस करून जोडलेला असणार. वरचं-खालचं बाहेरून निघतं, मधल्यासाठी क्रँक प्रेसवर फोडावा लागतो. एकदा फोडला की रॉडची मोठी बाजूही उघडी पडते. तिथं नीडल बेअरिंग असतं आणि त्याला स्वतःची कडी नसतात. सुया थेट क्रँकपिनवर आणि रॉडच्या डोळ्यात धावतात. लोक इथंच फसतात. पिनला गंजाचे टिपके असताना नवा पिंजरा घालणं म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर नवे टायर. पिनवरून नख फिरव. नख अडलं तर पिन, सुया, रॉड सगळं किट नवं.

परत जोडताना क्रँक सेंटरवर लावून, फिरवून, किती वाकडा आहे ते डायल गेजने बघायचं. आम्ही ०.०५ मिमीच्या आत आणून सोडतो, तुझ्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो पाळायला लाव. नुसतं ‘प्रेस करून दिलं’ म्हणणाऱ्याकडून क्रँक घेऊ नकोस. त्याहून जास्त वाकडं राहिलं तर सोन्याची बेअरिंग घातलीस तरी हंगाम निघणार नाही. माझ्याकडेच पाठव असं म्हणत नाही. प्रेस, डायल आणि तांब्याचा हातोडा ज्याच्याकडे आहे आणि जो घाईत नाही, तो चालेल.

आणि गिअरबॉक्स. तेल मधासारखं निघालं ना? मग तिथं हात लावू नकोस. पुढच्या गिअरमागचं टेपर बेअरिंग कप-कोनची जोडी असते, दोन्ही एकमेकांवर धावून बसलेली. नवं घातलंस तर जोडीने घालावं लागतं, आणि उंचीत केसाचा फरक पडला की शिम (पातळ चकत्या) परत मोजून गिअरची फट लावावी लागते. चांगलं चाललेलं उघडून नवं दुखणं कशाला विकत घ्यायचं? फक्त पंखा (प्रोपेलर) काढून मागचा सील बघ. तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉन धागा, गुंडाळलेला असतो तिथं, तो सील कापतो आणि पुढच्या हंगामात तेल दुधाळ होतं.

नागदेवी_काउंटर (मुंबई), ८ जुलै

बेअरिंगच्याच दुकानात बसतो, म्हणून दोन गोष्टी.

नुसतं ‘६३०६ द्या’ म्हणू नका. ६३०६ म्हणजे फक्त माप: ३० आतला, ७२ बाहेरचा, १९ जाडी. तुमच्या जुन्या कड्यावर त्या आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. बहुधा सी३ असेल. त्याचा अर्थ आत गोळ्यांना मोकळीक जास्त. ३० मिमीच्या बेअरिंगमध्ये साध्याला ५ ते २० मायक्रॉन, सी३ ला १३ ते २८. क्रँकवर घट्ट बसवलं की आतलं कडं फुगतं, वर इंजिनची उष्णता. साधं घातलंत तर ती मोकळीक संपून जाते आणि बेअरिंग स्वतःलाच आवळतं. बरं, गिऱ्हाईक साधं आणि सी३ दोन्ही हातात घेऊन फिरवतो आणि सी३ ‘ढिलं आहे’ म्हणून परत देतो. रोज होतं हे.

पुढे झेडझेड किंवा टूआरएस असेल तर ते पत्र्याच्या किंवा रबराच्या झाकणाचं, आत ग्रीस भरलेलं. तुमच्या मोटरीत मूळ उघडं असेल तर उघडंच घ्या. त्याला तेल पेट्रोलच्या धुक्यातून मिळतं, झाकण लावलंत तर ते पोचणार कुठून? पिंजराही मूळ पत्र्याचा असेल तर पत्र्याचाच.

खरं-खोटं: खोक्यावरून ओळखू नका, खोकं छापायला काय लागतं. अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या. काही मोठ्या कंपन्यांची मोबाइलवर तपासायची सोय आहे, ती वापरा. ‘तीच कंपनी, अर्ध्या भावात’ असं कुणी म्हणालं तर ती तीच कंपनी नसते. आमच्याच गल्लीत म्हणतात, म्हणून सांगतो.

हॅलिफॅक्सची_गुहागरी (कॅनडा), ९ जुलै

इथे नवऱ्याने १९७० च्या दशकातली एक अमेरिकन मोटर आणून गॅरेजमध्ये मांडली आहे, म्हणून हा विषय माझ्या घरात रोज असतो. त्या जुन्या अमेरिकन मोटरींमध्ये क्रँक अखंड असतो आणि रॉडची टोपी बोल्टने निघते. सुया आणि पिंजरा दोन अर्ध्यांत बाहेर येतात, सगळं उघड्यावर भिंगाखाली बघता येतं. अशा ठिकाणी जुनं परत घालणं अगदी शहाणपणाचं आहे, अट एकच: ज्या रॉडचं त्याच रॉडला, त्याच बाजूने. टोपी तर मूळ रॉडपासून तोडूनच बनवलेली असते, उलटी लागली की संपलं. आम्ही अंड्यांच्या ट्रेमध्ये वर-खाली लिहून ठेवलं होतं. मांजराने ट्रे उलटवला. नवीन सुया मागवाव्या लागल्या.

लेथवाले म्हणतात ते इथेही तंतोतंत लागू आहे, न दाबता काढता येतं ते जुनं राहू शकतं. तुमचा क्रँक प्रेसचा असेल तर तो मार्ग नाही.

संगमावरचा, ११ जुलै

सगळ्यांचे आभार. तीन गोष्टी केल्या.

खालचं बेअरिंग तसंच क्रँकवर ठेवून धुतलं आणि हळू फिरवलं. करकर आहेच. मग तसंच वरचं, बाजूने दाब देऊन. काका, लोणी नाही ते. एका जागी अगदी बारीक, कपड्याचा धागा नखाला लागावा तसं काहीतरी लागतं. जोरात फिरवलं की गायब. आठ दिवस मी त्यालाच चांगलं म्हणत होतो.

कड्यावर ६३०६ च्या पुढे सी३ आहेच. उघडं आहे, पिंजरा पत्र्याचा.

पंखा काढला. मागे तंगूसाचं एवढं वेटोळं की वरून वायसर दिसत नव्हता. ब्लेडने कापून काढलं. सीलच्या ओठाला एक चीर आहे, म्हणजे तेल अजून स्वच्छ होतं ही कृपाच. सील बदलतो, आत हात लावत नाही.

बाबा बसून हे सगळं वाचत होते (मी वाचून दाखवलं). मधल्या बेअरिंगचं दोन खोल्यांचं गणित त्यांना एकदम पटलं. म्हणाले, “म्हणजे माडीवर पाणी साठला तर खालच्याच्या डोक्यार गळतला.” तंतोतंत. मिस्त्रीला अजून पटलेलं नाही.

एक राहिलं: मधलं बाजारातलं चालेल का?

उद्यमनगरी_लेथ, ११ जुलै

माडीचं बेस्ट. उद्यापासून गिऱ्हाईकाला मीही तसंच सांगणार.

मधल्याला बाजारातलं घेण्याआधी बाहेरचं कडं बघ. बऱ्याच आउटबोर्डमध्ये त्याला खुंटीसाठी भोक किंवा खाच असते, कडं केसमध्ये फिरू नये म्हणून. तसं असेल तर कंपनीचाच पार्ट, दुसरा इलाज नाही. ग्राइंडरने भोक पाडून देतो म्हणणारे भेटतील, कडक कड्याला ते करू नकोस. वर-खालचं साधं असेल तर नामांकित कंपनीचं सी३ खुशाल घाल. पैसे तिथं वाचव.

बसवताना बेअरिंग तेलात १०० ते ११० अंशाला तापव, १२० च्या वर नाही, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नकोस. तापलं की क्रँकवर आपोआप घसरून बसतं. गॅसची ज्योत थेट मारायची नाही आणि हातोडा तर नाहीच.

संगमावरचा, २९ जुलै

उशीर झाला, पण शेवट सांगायला आलो.

क्रँक बाबा स्वतः एसटीने कोल्हापूरला घेऊन गेले, गोधडीत गुंडाळून, मांडीवर. कंडक्टरने विचारलं, आजोबा, नातू झोपलाय का? (लेथवाले काका, चहा तुम्हीच पाजलात असं कळलं. पैजेत तुम्ही जिंकलात तरी.)

क्रँक फोडल्यावर मधलं बेअरिंग हातात आलं. मी फोटोच बघितलाय, पण बाबा सांगतात की आतल्या कड्यावर तपकिरी रेघा अशा समान अंतरावर होत्या की जणू कुणी पट्टी ठेवून ओढल्यात. ज्या जागी गोळ्या आठ दिवस उभ्या होत्या, बरोबर त्याच जागी. खालच्या रॉडच्या पिनवर एका बाजूला नख अडलं. वरची पिन साफ होती. वरचा रॉड तसाच ठेवायचा की नाही यावर बाबा आणि काका यांच्यात म्हणे अर्धा तास गेला. शेवटी दोन्ही किट नवी घातली, कारण परत फोडायचा खर्च किटपेक्षा जास्त.

मधल्याला खुंटीचं भोक होतं. कंपनीचं मागवलं, अकरा दिवस लागले, त्यातच जीव टांगणीला. वर-खालची मुंबईहून पक्क्या बिलावर. क्रँककेसचे दोन्ही सील, पंख्यामागचा सील नवे. गिअरबॉक्सची बेअरिंग जुनीच.

परवा पिंपात सुरू केली. पहिल्या दहा तासांसाठी तेल दुप्पट, म्हणजे लिटरला २० ऐवजी ४० मिली, मॅन्युअलमध्ये तसंच दिलंय. धूर इतका की शेजारच्या काकी बघायला आल्या. पण ती करवंटीतली वाळू गेली. नुसता मोटरीचा आवाज.

जुनी बेअरिंग बाबांनी धुऊन, तेल लावून डालड्याच्या डब्यात ठेवलीत. ‘कधी लागली तर’.

उद्यमनगरी_लेथ, २९ जुलै

डब्यातून काढ. आजच. दोन वर्षांनी ऐन हंगामात रात्री कुणालातरी ६३०६ लागेल, डबा उघडेल, तेल लावलेलं चकचकीत दिसेल आणि तो घालेल. बाहेरच्या कड्याला ग्राइंडरने खाच मार, म्हणजे कुणाला मोह होणार नाही.

संगमावरचा, ३० जुलै

पुतण्याने बेरिंगचा गाडा करायला मागितली आहेत. तीन झाली, चौथं शोधतोय. बाबांची नजर आता गिअरबॉक्सवर आहे.